गोळ्या चालू, थकवा तसाच: एका शिक्षिकेच्या रक्तक्षयाचं प्रकरण

रुग्ण 41 वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. वजन 58 किलो, शाकाहारी, दोन मुलं, दारू-तंबाखू नाही. तक्रार एकच: आठ-नऊ महिन्यांपासून अंगात त्राण नाही. चार तास उभं राहून शिकवणं जमत नाही, शाळेचा जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळे मिटतात. चार महिने लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि हिमोग्लोबिन 8.2 वरून 8.6 वर आलं होतं. म्हणजे जवळपास जागच्या जागी.

हे प्रकरण एका विशिष्ट व्यक्तीचं नाही. महाराष्ट्रातल्या बाह्यरुग्ण विभागांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका रुग्णात एकत्र करून मांडलं आहे. रुग्णाला इथे ‘बाई’ म्हटलं आहे. शाळेत त्यांना तसंच म्हणतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे ‘थकवा आहे, रक्त कमी असेल’ हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. अडतं ते पुढे. रक्त कमी का झालं, हे न विचारता गोळी लिहून दिली जाते आणि गोळी लागू पडली नाही, तर दुसऱ्या कंपनीची दिली जाते. बाईंच्या बाबतीत असं दोनदा झालं होतं.

आधी काय काय झालं होतं

पिशवीतून निघालेले कागद तारखेप्रमाणे लावले, तेव्हा क्रम असा दिसला. सुरुवातीला गल्लीतल्या दवाखान्यात ‘ताकदीचं सलाईन’. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. चार-पाच चमचे साखरेचं सरबत पिण्याइतकीच ऊर्जा. सोबत अर्धा दिवस आडवं पडायला मिळतं, म्हणून दोन दिवस बरं वाटतं.

मग तपासणी झाली, एचबी 8.2 आलं आणि 100 मिलिग्रॅम लोहाची रोज एक गोळी सुरू झाली. आठवड्याभरात पोटात जळजळ. त्यावर सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल. पँटोप्राझोल जठरातलं आम्ल कमी करतं, आणि वनस्पतीजन्य किंवा क्षाररूप लोह विरघळून शोषलं जायला तेच आम्ल लागतं. म्हणजे लोहाच्या गोळीचा त्रास कमी व्हावा म्हणून दिलेली गोळी लोहालाच अडवत होती. दोन्ही गोळ्या एकाच चिठ्ठीवर असतात, तेव्हा हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

कंबर दुखते म्हणून कॅल्शियमही सुरू झालं होतं. विसरायला नको, म्हणून बाई लोह आणि कॅल्शियम एकदमच घ्यायच्या. कधी? सकाळी पोहे खाऊन झाल्यावर, चहाच्या घोटाबरोबर. कॅल्शियम लोहाचं शोषण कमी करतं. चहातले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात. जेवणाबरोबर कडक चहा घेतला, तर त्या जेवणातल्या वनस्पतीजन्य लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. एका गोळीवर आम्लाची कमतरता, कॅल्शियम आणि चहा असे तीन अडथळे.

शिवाय गोळ्या रोज जात तरी होत्या का? ‘हो, घेते की’ या उत्तरावर थांबू नये. दहा गोळ्यांच्या पट्टीने हिशोब केला, तर चार महिन्यांत बारा पट्ट्या लागायला हव्या होत्या. औषधाच्या दुकानाची बिलं सात पट्ट्यांची होती. जळजळ झाली की गोळी चुकवली जायची, आणि यात बाईंचा दोष काढण्यात अर्थ नाही. शौच काळी होते, पोट साफ होत नाही, मळमळतं, हे त्यांना आधी सांगितलंच नव्हतं. शौच काळी होणं हा लोहाचा निरुपद्रवी परिणाम आहे. ते कळलं नाही, तर माणूस घाबरून गोळी सोडतो.

विचारल्यावर निघालेल्या गोष्टी

पाळी नियमित येते का, या प्रश्नाला बाईंचं उत्तर ‘अगदी वेळेवर’. बरोबर होतं आणि अपुरंही. किती जाते, हे विचारायला लागतं आणि तेही नेमकं. सात दिवस चालते. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रात्री एकदा उठावं लागतं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गुठळ्या पडतात, शाळेत गडद रंगाचीच साडी. पुढच्या पाळीत त्यांना कागदावर खुणा करायला सांगितलं: थोडा डागलेला पॅड 1 गुण, मध्यम 5, पूर्ण भिजलेला 20, छोटी गुठळी 1, मोठी 5. बेरीज 100 च्या वर गेली, तर रक्तस्राव 80 मिलीच्या वर, म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या जास्त, असं धरतात. बाईंची बेरीज 190 झाली. ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं जातं,’ हे त्यांचं म्हणणं खरं असेलही. आई आणि बहीण दोघीही वर्षानुवर्षं एचबीच्या गोळ्या खात आल्या आहेत.

दुसरी गोष्ट त्या सांगत नव्हत्या, विचारल्यावर हसल्या: खडू खावासा वाटतो. कच्चे तांदूळ तर रोज मूठभर. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ यांची अशी ओढ लोहाच्या कमतरतेत वारंवार दिसते आणि लोह भरून निघालं की बहुधा आपोआप जाते. रात्री पाय स्वस्थ ठेवता न येणं, सारखे हलवावेसे वाटणं, हेही त्याच खात्यातलं.

तिसरी: तळपायांना मुंग्या. ‘उभं राहून होत असेल.’ हा धागा लोहाचा नव्हता. आहार पाहिला. दूध फक्त चहात, दिवसातून तीन कप; दही गुरुवारी-शुक्रवारी ताकापुरतं; अंडं नाही. बी-12 हे जीवनसत्त्व प्राणिजन्य पदार्थांतच मिळतं. शाकाहारी माणसाला दूध-दह्यावरच अवलंबून राहावं लागतं, आणि चहात पडणाऱ्या शंभर-सव्वाशे मिली दुधाने गरजेचा चौथा हिस्साही जेमतेम भागतो. यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असल्यामुळे ही कमतरता हळूहळू, चाळिशीच्या आसपास उघडी पडते.

तपासणीत डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट, जीभ गुळगुळीत, ओठांचे कोपरे चिरलेले, नाडी मिनिटाला 98. 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर टेकवला, तर कंप फार लवकर ‘थांबला’ म्हणाल्या. घोट्यावर मात्र नीट जाणवला. यकृत, प्लीहा, लसिकाग्रंथी वाढलेल्या नाहीत. ताप, रात्रीचा घाम, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणं, काळी डांबरासारखी चिकट शौच यांपैकी काही नाही. घोरणं नाही. मन उदास राहतं का, आवडीच्या गोष्टींतला रस गेला आहे का, हेही विचारलं, तसं नव्हतं. थकव्याच्या रुग्णात हे दोन प्रश्न वगळले जातात आणि नैराश्य ‘अशक्तपणा’ म्हणून वर्षभर टॉनिक पीत राहतं.

फसवा एमसीव्ही

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, असा होता: हिमोग्लोबिन 8.6, लाल पेशी 31.5 लाख, एमसीव्ही 84, आरडीडब्ल्यू 19.8, पांढऱ्या पेशी 5,200, प्लेटलेट 4.2 लाख.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. 80 ते 100 नॉर्मल. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, एमसीव्ही 80 च्या खाली जातो. बी-12 कमी असलं की मोठ्या होतात, 100 च्या वर जातो. बाईंचा 84, म्हणून आधीच्या एका कागदावर ‘लोहाची कमतरता वाटत नाही’ असा शेरा होता. पण एमसीव्ही सरासरी आहे. निम्मी मुलं पहिलीतली आणि निम्मी सातवीतली असा वर्ग असेल, तर सरासरी उंची चौथीच्या मुलाएवढी निघते आणि वर्गात चौथीतलं एकही मूल नसतं. हा गोंधळ आरडीडब्ल्यूने पकडला जातो. तो आकारातली तफावत मोजतो. नॉर्मल साधारण 11.5 ते 14.5, इथे 19.8. नॉर्मल एमसीव्ही आणि चढा आरडीडब्ल्यू एकत्र दिसले की स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाच हवा. काचपट्टीवर एकीकडे लहान फिकट पेशी, दुसरीकडे मोठ्या लंबगोल पेशी आणि पाचाहून जास्त खंडांचं केंद्रक असलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दिसल्या. निदान तिथेच जवळपास झालं: लोह आणि बी-12, दोन्ही कमी.

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) 7 नॅनोग्रॅम, बी-12 138 पिकोग्रॅम. फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे लोहाची कोठी रिकामी. अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असेल, तर फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून तापात ही तपासणी करू नये. बी-12 साठी 200 च्या खाली कमतरता, 200 ते 300 संशयास्पद. बी-12 चं लाल इंजेक्शन किंवा मल्टिव्हिटॅमिन घेतल्यावर केलेली बी-12 ची तपासणी विश्वासाची नाही. आकडा फुगतो आणि ‘नॉर्मल’चा शिक्का बसतो.

एमसीव्ही खूप कमी आणि लाल पेशींची संख्या मात्र 50 लाखांच्या वर, असं चित्र असतं तर थॅलेसेमिया मायनर या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा विचार आधी करावा लागला असता. एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागून उत्तर 13 च्या खाली आलं, तर तिकडे बोट जातं. बाईंचं उत्तर 26 च्या पुढे. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर भागांतल्या रुग्णांत सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक दोषाची तपासणी जोडावी. अशा घरांत नुसतं लोह देत राहणं व्यर्थ असतं.

दोन कमतरता एकत्र असताना एकच भरली तर काय होतं? फक्त बी-12 दिलं, तर अस्थिमज्जा वेगाने पेशी बनवू लागते, उरलंसुरलं लोह संपतं आणि दोन महिन्यांत एमसीव्ही 75 वर येतो. फक्त लोह दिलं, तर एचबी थोडं वाढून अडतं. सगळ्यांत वाईट म्हणजे फक्त फॉलिक अॅसिड: रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

दिशाभूल करणारे तीन आकडे

टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, 6.2. थायरॉइडची गोळी आयुष्यभर घ्यावी लागणार, असं घरात ठरूनही गेलं होतं. एफटी4, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, नॉर्मल असताना टीएसएच 10 च्या आत असेल, गरोदरपण किंवा त्याची तयारी नसेल, तर एका आकड्यावर गोळी सुरू करू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावं. गोळी सुरू झालीच, तर ती आणि लोह-कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर लागतं. केस-नखांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. तपासणीआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवाव्यात. बाईंचा टीएसएच तीन महिन्यांनी, थायरॉइडची कुठलीही गोळी न घेता, 4.1 आला.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, 6.1. ‘शुगर बॉर्डरवर’ म्हणून बाईंनी भात, केळी, गूळ सोडला होता आणि रात्रीचं जेवण एका भाकरीवर आणलं होतं. थकव्यात त्याचीही भर. लोहाच्या कमतरतेत लाल पेशींचं सरासरी वय वाढतं, त्यांना साखर चिकटायला जास्त वेळ मिळतो आणि एचबीएवनसी खोटा चढा येऊ शकतो. उपाशीपोटी साखर 91, जेवणानंतर दोन तासांनी 118. मधुमेहाचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटला. एचबीएवनसी एचबी नॉर्मल झाल्यावर किमान तीन महिन्यांनीच पुन्हा करायचा ठरला.

ड जीवनसत्त्व 14. कमीच आहे, भरावं हेही खरं: 60,000 युनिट, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. पण आठ आठवड्यांनंतर थांबायचं असतं. वर्षभर दर रविवारी पाकीट फोडणारे लोक आहेत आणि त्यांतल्या काहींना कॅल्शियम वाढून त्रास होतो. थकव्याचं खापर मात्र ड वर फोडण्यासारखं इथे काही नव्हतं.

लोहाचा हिशोब

एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये 3.4 मिलिग्रॅम लोह असतं. एचबी 8.6 असताना 120 मिली रक्त गेलं, तर महिन्याला 35 मिलिग्रॅम लोह गेलं. त्वचा आणि आतड्यांतून रोज एक मिलिग्रॅमच्या आसपास जातं, ते 30. एकूण 65. आहारातून रोज दीड मिलिग्रॅम शोषलं गेलं, तर येतात 45. म्हणजे काहीही वावगं न खाता-पिता दर महिन्याला 20 मिलिग्रॅमची तूट. शिवाय एचबी सुधारलं की त्याच 120 मिलीतून जास्त लोह जातं: 12 ला 49 मिलिग्रॅम. गळती तशीच ठेवून भरती केली, तर गळतीही वाढते. पाळीचा इलाज लोहाच्या इलाजाबरोबरच सुरू व्हायला हवा, तो एवढ्यासाठी.

एकूण तूट किती, याचं ठरलेलं सूत्र आहे: वजन × (15 − आताचं एचबी) × 2.4 + 500. बाईंसाठी 58 × 6.4 × 2.4 म्हणजे 890, अधिक 500, असे सुमारे 1,390 मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम डाळिंबात लोह असतं अर्धा मिलिग्रॅमही नाही, बिटात एकाच्या आसपास. लाल रंगाचा आणि रक्ताचा तसा काही संबंध नाही. अळीव, बाजरी, तीळ, राजगिरा, पालेभाज्यांवर लिंबू पिळणं, लोखंडी कढई हे सगळं चांगलं आहे, ते तूट पुन्हा पडू नये म्हणून. 1,390 ची थकबाकी ताटातून फिटत नाही.

काय केलं

पँटोप्राझोल बंद. लोहाची मात्रा 100 वरून 60 मिलिग्रॅमवर आणली आणि गोळी एक दिवसाआड केली. बाईंना हे उलटंच वाटलं. पण लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पुढचे चोवीस तास आतड्याची दारं ओढून घेतं. दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं बरंचसं लोह मग शोषलं न जाता मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथे बद्धकोष्ठ, गॅस, मळमळ करतं. एक दिवसाआड घेतल्यावर दर गोळीतला शोषला जाणारा वाटा वाढतो आणि पोटही निभावतं.

वेळ: पहाटे उठल्यावर, साडेपाचला, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. चहा साडेसहाला. हा एक तास सगळ्यांत अवघड गेला; उठल्याबरोबर चहा ही तीस वर्षांची सवय. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर, आणि तेही सहा आठवड्यांनी बंद.

बी-12: मुंग्या आणि कंपाची जाणीव कमी, म्हणजे मज्जातंतूंना झळ लागली होती, त्यामुळे सुरुवात इंजेक्शनने. 1000 मायक्रोग्रॅम स्नायूत, दोन आठवडे एक दिवसाआड, मग चार आठवडे आठवड्याला एक, पुढे 1000 मायक्रोग्रॅमची रोज एक गोळी. फॉलिक अॅसिड बी-12 चं पहिलं इंजेक्शन गेल्यावरच सुरू केलं.

पाळी: सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत 2.6 सेंटिमीटरची गाठ, अस्तर 8 मिलिमीटर. आधी एका ठिकाणी ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असं सांगितलं गेलं होतं. एवढ्या गाठीसाठी, औषधं करून न पाहता, एचबी 8.6 असताना शस्त्रक्रिया हा पहिला उपाय होत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न गाजला आणि 2019 मध्ये राज्य सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. तरी हा सल्ला महाराष्ट्रात अजून फार सहज मिळतो. बाईंना पाळीच्या पहिल्या चार दिवसांत ट्रॅनेक्झामिक अॅसिड, एक ग्रॅम, दिवसातून तीनदा. याने स्राव निम्म्याच्या आसपास येतो. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल, तर हे औषध चालत नाही, म्हणून मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून घेण्याचं हे औषध नव्हे. तीन महिन्यांनी बाईंनी हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू, लेव्होनॉर्जेस्ट्रेलची, बसवून घेतली. पहिले तीन-चार महिने मधूनमधून डाग पडतात. ते आधी सांगितलं नाही, तर अनेकजणी काढून टाकायला येतात.

शिरेतून लोह का नाही? ठरवलं असं होतं की चार आठवड्यांत एचबी किमान एकने वाढलं नाही, तर शिरेतून द्यायचं. योग्य वेळी घेतलेली गोळी याआधी कधी वापरून पाहिलीच नव्हती. तिला एक संधी देणं रास्त होतं. एचबी 7 च्या खाली, छातीत दुखणं, बसल्या जागी धाप किंवा तोंडावर आलेली शस्त्रक्रिया, असं असतं तर वाट पाहिली नसती.

पुढे काय झालं

आठव्या दिवशी रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या लाल पेशी, 6 टक्के: मज्जा कामाला लागली. खडूची ओढ पहिल्या पंधरवड्यातच गेली. चार आठवड्यांनी एचबी 10.5, बारा आठवड्यांनी 12.3. तळपायांच्या मुंग्या पाचव्या महिन्यापर्यंत रेंगाळल्या. मज्जातंतू रक्ताच्या मानाने फार सावकाश सावरतात.

एचबी 12.3 झालं आणि बाई म्हणाल्या, ‘साठ टक्के बरं आहे.’ उरलेले चाळीस टक्के कुठल्याच रिपोर्टात नव्हते. दिनक्रम लिहून काढला: झोप साडेअकराला, उठणं पावणेपाचला. सव्वापाच तास. डबे, पाणी, दोन बसगाड्या, शाळा, ऑनलाइन माहिती भरणं, स्वयंपाक. घरात मोठा मुलगा आणि नवरा असताना पहाटेचं पाणी आणि डबे एकट्या बाईंवर का, हा प्रश्न चिठ्ठीवर लिहिता येत नाही, पण नवऱ्याला बोलावून विचारता येतो. विचारला. उठण्याची वेळ साडेपाचवर गेली, गोळी सहाला आणि चहा सातला सरकला.

एचबी नॉर्मल झाल्याबरोबर लोह बंद करणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. बारा आठवड्यांनंतर आणखी तीन महिने गोळी चालू ठेवली, कारण पेशी आधी भरतात आणि कोठी शेवटी. सहाव्या महिन्याला फेरिटिन 46, आरडीडब्ल्यू 14.1, एमसीव्ही 88. लोह तिथे थांबवलं. बी-12 ची गोळी चालूच, कारण आहार तोच आहे. एचबीएवनसी 5.5.

हेच 8.6 एचबी आणि 7 फेरिटिन पन्नाशीच्या पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत आलं असतं, तर गोळ्यांबरोबरच दोन्ही बाजूंनी, वरून आणि खालून, एंडोस्कोपी लागली असती. तिथे गळती पोटातून आहे असं धरूनच चालतात आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग कधी कधी एवढ्या एकाच खुणेवर सापडतो.

बाईंसाठी पुढचं ठरलं ते असं: लोह थांबवल्यावर तीन महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा सीबीसी व फेरिटिन, गाठीसाठी वर्षाने सोनोग्राफी, आणि पाळी पुन्हा वाढली तर त्याआधीच येणं. बहिणीचा आणि पंधरा वर्षांच्या मुलीचा सीबीसी त्याच आठवड्यात करायला सांगितला. मुलीचं एचबी 11.8 निघालं, फेरिटिन 9. थकवा म्हणून तिची तक्रार अजून काही नव्हती. गणिताच्या तासाला झोप येते, एवढंच.